नवव्या घरचं जेवण

“उंद्या आमच्याकडं या जेवाय, गुरुजी,” शाळेच्या पायरीवर टेकत बाळकू आबा म्हणाले.

मी हजेरीपट मिटला. “उद्या तुमच्याकडे कसं, आबा? तुमच्यापासून सुरुवात झाली होती. आज आठवं घर झालं. उद्या हौसाताईंचं घर.”

“तिच्यात जेवनाची पाळी न्हाई.”

“का?”

“देवीचं बंधन हाय तिच्या घराला. वरीसभर भाईरच्या मान्साला ताट वाढायचं न्हाई.”

“बंधन देवीचं, की तुमचं?”

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते समोर पाण्याकडे बघत राहिले. “ऱ्हाऊ द्या की गुरुजी. आठ घरं काय कमी हायत का तुमाला?”

“ती बाई विधवा आहे म्हणून हे चाललंय ना?”

“तसं न्हाई.”

“मग कसं?”

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि उठले. “सकाळच्या पारी लवकर या. कारभारनीनं मासं घालायचं म्हटलंय,” एवढंच बोलून ते उतरणीला लागले.

मी तेवीस वर्षांचा होतो. आमचं घर कराडात, तांबट आळीत. वडील भांड्यांना कल्हई करायचे आणि मी कॉलेजात असल्यापासून समाज बदलायचा म्हणत होतो. नोकरी लागल्यावर साहेबांनी विचारलं, करंजमाळला कोणी टिकत नाही, जाल का? मी जवळजवळ उडीच मारली. शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण अन्याय मला लांबून दिसतो अशी माझी पक्की समजूत होती.

करंजमाळ आधी बेट नव्हतंच. नदीवर धरण झालं, खालचं गाव बुडालं, आणि वरच्या टेकडीचा माथा तेवढा पाण्यातून डोकं काढून राहिला. बाकीचं गाव घाटाखाली नव्या जागेला गेलं. नऊ घरं गेली नाहीत. का गेली नाहीत, ते मला प्रत्येकानं वेगळं सांगितलं. वीज नाही, दवाखाना नाही, दुकान नाही. मंगळवारी आणि शनिवारी नाव यायची. माझ्या आधीचे मास्तर शनिवारच्या नावेनं येऊन हजेरी भरायचे आणि त्याच नावेनं परत जायचे, असं पोरांनीच सांगितलं. बेटावर राहायला आलेला पहिला मास्तर मी. ह्याचा मला केवढा अभिमान होता, ते आता सांगायलाही नको वाटतं.

दिवाळीनंतर मी रुजू झालो. महिनाभर स्टोव्हवर कच्चापक्का भात शिजवला. एकदा शाळेच्या भिंतीला आग लागता लागता राहिली, तेव्हा आबांनी सगळ्यांना बोलावून ठरवलं की गुरुजींनी चूल पेटवायची नाही, घराघरानं पाळी लावून जेवू घालायचं. मी पैसे देऊ केले. आबांच्या कारभारणीला राग आला. “गुरुजीला इकत जेवू घालायचं व्हय?” त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी रोज एका घरी नाचणीची भाकरी, कधी कुळथाचं पिठलं, कधी धरणातले मासे खात होतो.

आणि आता ही पहिली फेरी संपताना नववं घर वगळलं जात होतं.

हौसाताईंचा नवरा दोन पावसाळ्यांमागे तापानं गेला होता. चार दिवस वारा होता, नाव आली नाही. तेव्हापासून त्या आणि त्यांची मंजुळा. मंजुळा चौथीत होती. तिच्याविषयी मला फार बोलायला हवं, पण थोडक्यात सांगतो. अकरा पोरांच्या त्या शाळेत ती एकटी अशी होती की मी फळ्यावर गणित मांडत असतानाच तिच्या पाटीवर उत्तर यायचं. मार्चमध्ये शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि मी तिला बसवणार होतो. बेटावरची पहिली मुलगी. पुढचं वाक्य माझ्या मनात आपोआप तयार व्हायचं: तांबट गुरुजींची विद्यार्थिनी.

फक्त एक अडचण होती आणि ती मला चांगली माहीत होती. हौसाताईंचा भाऊ पनवेलकडे वीटभट्टीवर होता. तो दर महिन्याला निरोप धाडायचा, ये म्हणून. आदल्या वर्षी गाळातलं पीक अवेळी चढलेल्या पाण्यात गेलं, तेव्हापासून त्या निघायच्याच बेतात होत्या. ह्या वर्षीचा पेरा साधला तर राहायचं, नाहीतर पोरीला घेऊन भट्टीवर जायचं, असं त्यांनी मला शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं होतं. मंजुळाची चौथी त्या पेऱ्यावर लटकलेली होती.

हा पेरा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. डिसेंबर सरताना धरणाचं पाणी उतरायला लागतं. मग टेकडीच्या पायथ्याला बुडालेल्या जमिनीची एकेक पट्टी उघडी पडते, काळ्याशार गाळाची. त्या ओलीवर पावटा पेरायचा. नांगर नको, पाणी नको. पण ओल आठ-दहा दिवसच टिकते. तेवढ्यात बी पडलं तर पडलं. प्रत्येक घराची पट्टी ठरलेली आणि प्रत्येक घराचा पावटाही वेगळा. कुणाचा पांढरा, कुणाचा काळा, कुणाचा तांबूस, कुणाचा ठिपक्यांचा. बुडालेल्या गावातून येताना ज्यानं त्यानं आपापलं बी उचलून आणलं होतं आणि ते राखेत घोळून मडक्यात ठेवत होते. मला ते इतकं आवडलं की मी पोरांकडून प्रत्येक घरचं बी मागवलं, पुठ्ठ्यावर नऊ चौकटी आखल्या, त्यात बिया चिकटवल्या, खाली नावं लिहिली आणि तो तक्ता शाळेच्या भिंतीला लावला. ‘आमच्या बेटावरचे पावटे’. तो माझा पहिला प्रकल्प.

आबांशी बोलणं झालं त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मंजुळा मागे राहिली. पाटी पुसून कोरडी झाली तरी ती पुसतच होती.

“काय गं?”

“गुरुजी, आमच्यात नगा येऊ जेवाय.”

“का? देवी कोपेल?”

तिनं पाटी उलटी केली आणि मागची बाजू पुसायला लागली.

“तुला कुणी सांगितलं असं म्हणायला? आबांनी?”

“आयनं.”

“आईला सांग, गुरुजी देवीला घाबरत नाहीत.”

तिनं पाटी दप्तरात सरकवली. मग दप्तर उचलून गेली. एवढी हुशार पोर, आणि तिच्याही डोक्यात हे भरवलंय, असं वाटून मला बाकीच्या आठ घरांचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी मी आबांकडे गेलो, पण जेवायला नाही. अंगणात उभं राहून, आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “मी आजपासून हौसाताईंच्या घरी जेवेन, नाहीतर कुठेच जेवणार नाही.”

कारभारीण मासे परतत होत्या. त्यांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. “आवो गुरुजी, आसं काय करताय? पोटाला काय?”

“पोटाचं मी बघून घेईन.”

“पोरावानी करताय,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. “तुमी आमाला दीड म्हैना बघताय. आमी कुणाला वाळीत टाकनारी मानसं हाय व्हय?”

“मग तिच्या दारात मला का जाऊ देत नाही?”

कारभारणीनं आबांकडे बघितलं आणि त्यांनी नकाराची मान हलवली. ती मानही मी पाहिली. ती मला कटासारखी वाटली.

मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे तसं लोक समजत होते. माझ्या ट्रंकेत ग्लुकोजच्या बिस्किटांचे तीन पुडे होते आणि शाळेचं दार लावून मी ते चहाविना कोरडेच संपवले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण ह्या गोष्टीत लपवलेलं हेच सगळ्यात मोठं असतं तर किती बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हौसाताई स्वतः शाळेत आल्या. बांबूसारख्या सरळ उभ्या राहायच्या त्या, डोक्यावरचा पदर दातात धरून. “गुरुजी, उंद्याच्याला दुपारी या आमच्यात.”

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलोच. “येतो ताई. आणि सगळ्यांना बोलवा. सगळं बेट तुमच्या अंगणात जेवलं पाहिजे.”

“सगळी?” त्यांनी विचारलं.

“सगळी. एकदा सगळ्यांनी तुमच्या हातचं खाल्लं की हा विषय कायमचा संपला.”

त्यांनी पदर दातातून सोडला. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी कारभारीण पदराखाली काहीतरी झाकून हौसाताईंच्या घराकडे जाताना दिसल्या. मी वाटेतच गाठलं. टोपलीत तांदूळ होते आणि वाळवलेले मासे.

“हे कुणाला?”

“उंद्याला तिला… जरा हातभार.”

“नाही,” मी म्हणालो. “दुसऱ्याच्या घरचं आणून तिच्या हातानं वाढायचं हे नाटक मला नको. तिच्या घरचं, तिच्या चुलीवरचं. चटणी असेल तर चटणी चालेल मला.”

“तुमाला चालंल वो,” कारभारीण म्हणाल्या. “तिला चालंल का?”

मला हे उत्तर कळलं नाही. कळून घ्यायची गरजही वाटली नाही. मी टोपलीला हात लावून त्यांना मागे वळवलं. मोठ्या माणसाला असं वळवताना माझ्या आवाजात जे काही होतं, ते आठवलं की आजही मी कूस बदलतो.

हौसाताईंचं अंगण सारवलेलं होतं. ओल्या शेणाचा वास होता. एका पाटावर मी, आणि बाकी सगळे जमिनीवर ओळीनं. नऊ घरची माणसं, पोरं धरून चाळीस-बेचाळीस. प्रत्येकानं आपापल्या फडक्यात भाकरी बांधून आणली होती. मी भुवया उंचावल्या तेव्हा आबा म्हणाले, “भाकरी आपली आपली. येवढ्यांना थापत बसंल का ती?” ते मी सोडून दिलं.

चुलीवर मोठं पातेलं होतं. शेजारून मागून आणलेलं असावं, कारण त्या घरात एवढं भांडं असायचं कारण नव्हतं. हौसाताईंनी माझ्या ताटात भाकरी ठेवली आणि वाटी भरून आमटी. पावट्याची आमटी. लसूण आणि मिरची परतलेली, वर तांबडा तवंग. तीन दिवसांची बिस्किटं पोटात होती. मी पहिला घास घेतला आणि खरंच सांगतो, तसली आमटी मी जन्मात खाल्ली नव्हती.

“वा! ताई, काय चव आहे!”

हौसाताई चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत. मंजुळा दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होती.

हौसाताई पातेलं घेऊन ओळीतून गेल्या. आबांनी वाटीवर हात आडवा धरला. “नगं गं पोरी. मला पित्त.” त्यांच्या शेजारच्यानं हात धरला. त्याच्या शेजारच्यानंही. कारभारणीनं चमचाभर घेतली आणि वाटी मांडीपाशी ठेवून दिली. एका लहान पोरानं हात पुढे केला, तर त्याच्या आईनं तो धरून मागे घेतला. सगळे कोरड्या भाकरीचे तुकडे मोडत होते, पाण्याबरोबर गिळत होते, आणि कुणीही मान वर करत नव्हतं.

माझं रक्त तापलं. म्हणजे अंगणात बसायचं, पण विधवेच्या हातचं खायचं नाही! मी उभाच राहिलो. जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण इथे लिहिणार नाही. अन्न आणि माणूस ह्यांत भेद नसतो, असं काहीतरी. तुमची देवी जर एका कष्टाळू बाईच्या चुलीला घाबरत असेल तर, असं काहीतरी. पाच-सात मिनिटं बोललो. कारभारणीनं डोळ्यांना पदर लावला. माझं बोलणं त्यांच्या काळजाला भिडलं असं मला वाटलं.

मग मी खाली बसलो, रिकामी वाटी उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी पुढे केली.

“ताई, मला अजून वाढा.”

हौसाताईंनी वाढली. काठोकाठ. मी ती शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी तालुक्याला शिक्षकांच्या शिबिराला गेलो. आठ दिवसांचं शिबिर. पहिल्याच संध्याकाळी मी ही हकिगत सांगितली. ऐकणाऱ्यांत एका साप्ताहिकाचा संपादक होता. त्यानं माझ्याकडून लिहून घेतली आणि त्याच आठवड्यात छापली, माझ्या नावानं आणि फोटोसकट. ‘बेटावरची पंगत’. मी पाच अंक विकत घेतले. एक आबांसाठी घेतला, वाचून दाखवायला.

परतलो तेव्हा पाणी चांगलंच उतरलं होतं. नावेतूनच गाळाच्या पट्ट्या दिसत होत्या. आठांवर हाताच्या बोटांनी पाडलेल्या भोकांच्या ओळी होत्या, पेरणी उरकली होती. नववी पट्टी कोरी होती. तिच्यावर बगळ्यांची पावलं उमटलेली होती आणि कडेनं गाळाला भेगा पडायला लागल्या होत्या.

मी सामान धक्क्यावरच टाकून हौसाताईंच्या घरी गेलो. त्या दारात केरसुण्या बांधत होत्या.

“ताई, पेरा राहिला तुमचा?”

“करायचाय की,” त्या म्हणाल्या. “करायचाय.”

“ओल चालली.”

“व्हय. चालली.” आणि केरसुणीची गाठ आवळत राहिल्या.

आबा आपल्या पट्टीच्या कडेला काट्यांचं कुंपण घालत होते. मी धापा टाकत पोचलो. “आबा, ह्याचा अर्थ काय? तुम्ही तिला जमिनीवरूनही हाकलणार का आता?”

आबांनी हातातला काटा खाली ठेवला. त्यांनी तेव्हा रागवायला हवं होतं, असं मला आज वाटतं. ते रागावले नाहीत.

“गुरुजी, बसा.”

“मला बसायचं नाही.”

“बसा वो.” मी बसलो. “तिच्याकडं बी न्हाई.”

“बी नाही म्हणजे?”

“गेल्या साली तिचं सगळं पान्यात गेलं. खायाला न्हवतं तवा बी शिजवून खाल्लं. ह्या साली दसऱ्याला आमी आठ घरांनी मूठ मूठ दिलं तिला. पयली घेत न्हवती. देवीचा परसाद म्हनून कारभारनीनं पदरात घातलं, तवा घेतलं. दोघी मायलेकी कंदं उकडून खात हुत्या, पर त्या मडक्याला हात लावला न्हाई त्यांनी.”

मी भेगाळलेल्या नवव्या पट्टीकडे बघितलं.

“आता आसल्या घरावर जेवनाची पाळी कशी लावायची? आनि तू गरीब हाईस म्हनून पाळी न्हाई, आसं तोंडावर कसं म्हनायचं? ती सोडून गेली आसती. म्हनून म्या देवीचं बंधन काढलं. देवीला काय, ती समजून घेती.”

“मग त्या दिवशीची आमटी…”

“व्हय.”

“तुम्ही सगळे समोर बसला होतात. एकानंही सांगितलं नाही?”

“कसं सांगायचं? तिच्या दारात, तिच्या देखत? आन्न म्होरं आल्यावर? आमाला वाटलं, निम्मं तरी राखलं आसंल. आनि शिजल्यालं तरी उरावं म्हनून कुनी खाल्लं न्हाई. उरलं तर दोन दिस पोटाला तरी व्हईल. पर सगळं बेट जेवाय येनार म्हटल्यावर तिनं मडकंच पालथं केलं. आमाला कळलं तवर आमचं बी गाळात गेल्यालं.”

मी गुडघ्यात मान घातली. “मला माहीत नव्हतं, आबा.”

“तुमाला कसं ठावं आसंल,” आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “तुमी शेरातलं. तुमी काय वंगाळ मनानं केलं न्हाई.”

मंगळवारच्या नावेनं मी तालुक्याला गेलो, दुकानातून चार किलो पावट्याचं बी आणलं, शनिवारी परतलो. आबा आणि दोघं-तिघं माझ्याबरोबर पट्टीवर आले. गाळ वरून पापडासारखा कडक झाला होता. तरी आम्ही पहारीनं भोकं पाडून बी टाकलं, खांद्यावरून पाणी आणून ओतलं. हौसाताई वर टेकडीवर उभ्या राहून बघत होत्या. खाली आल्या नाहीत. दहा दिवसांत कुठे कुठे कोंब दिसले आणि ते उन्हानं वाळून गेले.

त्या महिनाअखेरीच्या शनिवारी त्या निघाल्या. एक गाठोडं, एक पत्र्याची पेटी आणि ते रिकामं मडकं. सगळं बेट धक्क्यावर होतं. कारभारणीनं मंजुळाच्या हातात भाकरीचं फडकं दिलं.

मी बोलायची तयारी करून गेलो होतो. “ताई, मंजुळाला परीक्षेपर्यंत इथे ठेवा. दीड महिन्याचा प्रश्न आहे. आबांच्या घरी राहील, खर्च सगळा माझा. ही पोर भट्टीवर विटा वाहण्यासाठी नाही.”

“म्याबी त्येच म्हनलं तिला, गुरुजी,” हौसाताई म्हणाल्या. “आबांच्यात ऱ्हा म्हनलं. पर ती न्हाई म्हनती.”

“का गं मंजुळा?” मी तिच्यासमोर वाकलो. “शाळा नको तुला?”

“शाळा पायजेल.”

“मग?”

तिनं एकदा आईकडे पाहिलं. आई गाठोडं नावेत ठेवायला वळली होती. मग ती मला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “तुमी दुसऱ्यांदा मागितली.”

आणि नावेत जाऊन बसली.

नाव वळणाआड गेली. लोक पांगले. आबा म्हणाले, चला गुरुजी, जेवाय चला. मी येतो म्हणालो आणि शाळेत गेलो.

आता सांगतो. ते अंगणातलं भाषण संपवून मी खाली बसलो, तेव्हा पहिल्या वाटीच्या तळाशी चार-सहा दाणे उरले होते. एक काळा होता. एक पांढरा. एक तांबूस, एक ठिपक्यांचा. एका घरात असे वेगवेगळे पावटे नसतात, हे त्या बेटावर दुसऱ्या कुठल्याही परक्या माणसाला कळलं नसतं. मला कळलं, कारण माझ्याच तक्त्यावर ते होते. दाताखाली जी बारीक कचकच लागली होती ती राखेची होती, हेही त्याच क्षणी कळलं. मी मान वर केली तेव्हा दारातून मंजुळा माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलंय हे तिला दिसलं.

पातेल्यात तेव्हा अर्ध्याहून जास्त आमटी होती, पण ती शिजलेली होती. बी तर गेलंच होतं. पण तेवढ्यावर मी थांबलो असतो, त्याच ठिकाणी हात जोडले असते, आबांना बाजूला घेऊन विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आठ घरांकडे बी होतं. ओल होती. पेरा व्हायचा होता. एक शब्द पुरला असता. पण चाळीस माणसं बघत होती, माझं भाषण नुकतंच झालं होतं, आणि मी चुकलो असं म्हणायला मला त्या अंगणात जागा सापडली नाही. म्हणून मी वाटी पुढे केली. शिबिराला गेलो. लिहिलं, छापलं. आणि आबांना सांगितलं, मला माहीत नव्हतं.

शाळेत तक्ता तसाच होता. आठ चौकटींत एकेका रंगाच्या बिया. नवव्या चौकटीत आठ बिया, आठही वेगळ्या. मंजुळानं चिकटवल्या होत्या. तक्ता केला त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, हे तुमच्या घरचं बी कसं? ती म्हणाली होती, आमाला समद्यांनी दिलंया. मला ते इतकं गोड वाटलं की चौकटीखाली मी स्वतः लिहिलं: ‘मंजुळाच्या घरचे बी. सर्वांनी दिलेले.’ आणि पुढे लाल शाईनं ‘शाबास’. खाली तारीख होती. पंगतीच्या आधी सव्वीस दिवस.

जूनमध्ये मी बदली मागून घेतली. पनवेलकडच्या भट्ट्यांवर दोन वेळा जाऊन आलो. त्या कुठेच सापडल्या नाहीत. नंतर गेलो नाही.

पस्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या समारंभात सूत्रसंचालकानं कुठून तरी ते जुनं कात्रण मिळवलं होतं. त्यानं ‘बेटावरची पंगत’ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. त्या ओळीवर तो मुद्दाम थांबला, जिथे मी सगळ्यांसमोर वाटी पुढे करतो. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि मी मान खाली घातली. शेजारी बसलेल्या साहेबांनी माझा हात दाबला आणि माइकवर सांगितलं, बघा, किती हा विनय.